बोर्डोच्या जुन्या तांबड्या वाइनची परीक्षा

बोर्डो हे नाव ज्याने ऐकले नाही असा द्राक्षबागाइतदार आपल्या प्रांतात क्वचितच सापडेल. केवड्याचे डाग पानावर दिसू लागले की मोरचूद व चुना पाण्यात कालवून आपण जे मिश्रण फवारतो, त्यास बोर्डो मिश्रण हे नाव फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येकडील याच मुलखावरून पडले आहे. केवडा हा रोग अमेरिकेतून १८७८ साली फ्रान्सात शिरला. पुढे १८८२ साली बोर्डो येथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले मिलार्दे हे सँ-ज्युलियाँ या गावच्या बागांतून जात असता, रस्त्याकडेच्या ओळींची पाने तेवढी शाबूत व आतील वेलींची पाने गळालेली, असे त्यांच्या नजरेस पडले. चौकशी करता कळले की, वाटसरूंनी घड तोडून खाऊ नयेत म्हणून रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची तेथे वहिवाट होती. चोरासाठी योजलेला उपाय रोगावर लागू पडला. मिलार्दे यांनी प्रयोग करून १८८५ साली तो प्रसिद्ध केला, आणि आज आपल्या बागेतील पंपात तोच उपाय भरला जातो.

औषध आपण घेतले. परंतु ज्या मालाच्या रक्षणासाठी ते निघाले, त्या मालाची परीक्षा कशी करतात हे मात्र आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. बोर्डोच्या तांबड्या वाइनची, विशेषतः वीस-पंचवीस वर्षे मुरलेल्या वाइनची, पारख कशी करावी हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. वाचकांनी मद्यपानाकडे वळावे असा आमचा मुळीच हेतू नाही. ज्यांस ते वर्ज्य आहे त्यांनी हा लेख केवळ शेतमालाच्या परीक्षेचा धडा म्हणून वाचावा. त्यांस करता येईल असा एक प्रयोग शेवटी दिला आहे.

हा विषय शेतकऱ्याने का शिकावा

आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. बाग आमचे धाकटे बंधू पाहतात. नाशिक जिल्ह्यात वाइनचे कारखाने निघू लागले, व २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, तेव्हा इतर अनेकांप्रमाणे बंधूंनीही एका कारखान्याशी करार करून तीन एकरांत काबर्ने सोव्हिन्यों ही जात लावली. २००८ च्या मंदीनंतर कारखान्यांचा खरेदीचा हात आखडला. २०१० च्या हंगामात कारखान्याचा माणूस बागेत आला, चार मणी तोंडात टाकले, थुंकले व म्हणाला, “माल हिरवट आहे.” तेवढ्या एका शब्दावर दर निम्म्यावर आला. तो शब्द खरा की दर पाडण्याची सबब, हे ना बंधूंस सांगता आले, ना शेजारी उभ्या असलेल्या आम्हांस. ऊस काट्यावर मोजता येतो, कापसाचा धागा ओढून पाहता येतो. परंतु येथे काटा होता तो दुसऱ्याच्या जिभेत, व ती जीभ कशी वाचावी हे आम्हांस येत नव्हते. त्याच वर्षी बंधूंनी दोन एकरांवर पुन्हा खाण्याच्या द्राक्षाची कलमे केली. एक एकर काबर्ने तेवढी राखली.

पुढे बंधूंचा मुलगा द्राक्षशास्त्र शिकून बोर्डोच्या बागांत दोन हंगाम राबून आला. येताना त्याने पॉयाक गावची १९९६ सालची एक बाटली आणली. ती गेल्या पौषात बागेतील घरी उघडली. तिच्याजवळच आपल्याकडील एक कोवळी काबर्ने त्याने तुलनेसाठी मांडली. त्या संध्याकाळी जे शिकलो, व त्यानंतर वाचून जे समजले, ते येथे क्रमाने देत आहो.

मुलूख, जमीन व वेल

गारोन व दोर्दोन्य या दोन नद्या बोर्डो शहराच्या खाली एकत्र होऊन जिरोंद नावाच्या रुंद खाडीने समुद्रास मिळतात. खाडीच्या डाव्या तीरावर मेदोक हा टापू आहे. तो पूर्वी पाणथळ होता. सतराव्या शतकात डच लोकांनी चर खणून त्याचा निचरा केला व खालचे गोट्यांचे उंचवटे लागवडीस मोकळे झाले. आमच्या खात्याच्या जुन्या हिशोबाने अशी गोटाड जमीन शेवटच्या प्रतीत पडावी. परंतु काबर्नेस तीच मानवते. पाणी थांबत नाही, गोटे दिवसा तापून घडांस ऊब देतात व उशिरा पिकणारा मणी थंडीपूर्वी तयार होतो. उजव्या तीरावरील सँतेमिलियों व पोमेरोल येथे चिकण व चुनखडीची माती अधिक. तेथे मर्लो ही लवकर पिकणारी, मऊ चवीची जात चालते. बहुतेक तांबडी वाइन या दोन जातींच्या व काबर्ने फ्राँसारख्या जोडजातींच्या मिश्रणाची असते.

वेलीचे मान पाहावे. मेदोकच्या चांगल्या बागांत एकरी चार हजारांपर्यंत वेली असतात. आपल्याकडे त्या हजाराच्या आतबाहेर. तेथे छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. आपल्याप्रमाणे एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन नव्हेत. उत्पन्न एकरी सुमारे अडीच टन, म्हणजे एका वेलीच्या वाट्यास पुरती एक बाटलीही येत नाही. आपला थॉम्पसनचा बागाइतदार एकरी दहा टन काढतो व तेच योग्य आहे, कारण त्यास मोठा, पातळ सालीचा, रसाळ मणी हवा. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा व बियांचा असतो. रंग सालीत, तुरटपणा साल व बी यांत. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल अधिक. जुन्या वाइनचे सारे भांडवल हे एवढेच आहे, व ते बागेतच जमा व्हावे लागते.

दलालांची प्रतबंदी

या मुलखाचा व्यापार जुना आहे. ११५२ साली तेथील राणी एलिनोर हिने इंग्लंडच्या भावी राजाशी लग्न केले, व १४५३ पर्यंत हा प्रांत इंग्रजांच्या अंमलाखाली राहिला. तेव्हापासून इंग्रज या वाइनचे मोठे गिऱ्हाईक. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या व्यापारी मंडळाने मालाची यादी मागविली, तेव्हा तेथील दलालांनी तांबड्या वाइनच्या पाच प्रती ठरविल्या. आपल्या मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीची प्रतबंदी केली, तीही त्याच शतकातली. परंतु आपल्याकडे माती खणून पाहिली, तेथे मुख्यतः बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेला भाव पाहिला. पहिल्या प्रतीत चार मळे बसले: लाफित, लातूर, मार्गो व ओ-ब्रियों. आपल्या लातूरचा या लातूरशी काही संबंध नाही, नामसाम्य तेवढे. पुढे १९७३ साली मूतों हा पाचवा मळा दुसऱ्या प्रतीतून पहिलीत चढला. प्रतींत फेरफार असा तो एकच. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी ती यादी भाव ठरविते.

मळेवाल्याचा माल पिंपात असतानाच, कापणीनंतरच्या वसंतात, व्यापारी चाखून सौदा करतात व बाटली वर्ष-दीड वर्षाने हाती देतात. उभे पीक विकण्यासारखाच हा व्यवहार. फरक इतकाच की तेथील मळेवाला स्वतःही चाखतो आणि आपला माल काय योग्यतेचा आहे हे विकण्यापूर्वीच जाणतो.

मुरणे म्हणजे काय

नव्या तांबड्या वाइनचा घोट घेतल्यास जिभेवर व हिरड्यांवर कोरडेपणा पसरतो. कच्चे केळे किंवा हिरडा चावल्यावर होते तसेच. हे तुरट द्रव्य टॅनिन होय. चर्मकार बाभळीच्या सालीने कातडे कमावतो तेव्हा हेच द्रव्य चामड्यातील प्रथिनांस बांधते. तोंडात ते लाळेच्या प्रथिनांस बांधते, म्हणून तोंड कोरडे पडते. २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष राहताना व पुढे बाटलीत पडून असताना टॅनिन व रंगद्रव्य हळूहळू एकमेकांस जोडले जातात, त्यांचे पुंजके मोठे होतात व अखेर तळाशी साका बसतो. म्हणून जुन्या वाइनचा रंग उतरतो, तुरटपणा मऊ होतो, आणि फळाचा वास मागे सरून दुसरेच वास पुढे येतात.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. जुनी ती चांगली हा नियम नव्हे. जगातील बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिण्याजोगीच असते. ज्या मण्यात टॅनिन, आंबटपणा व फळाचा कस एकत्र भरलेला असतो तीच मुरते. तिलाही सुमारे १२ ते १३ अंश उष्णता, अंधार व स्थिरता लागते. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात. आम्ही स्वतः या अज्ञानात होतो. एक साधी देशी वाइन आठ वर्षे स्वयंपाकघरातील कपाटावर उभी ठेवून, ती बहुमोल होईल अशी वाट पाहिली. उघडली तेव्हा तिचा शिरका झाला होता. उन्हाळ्यात चाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या घरात काळ मुरवीत नाही, नासवितो.

बाटली उघडणे

जुनी बाटली उघडण्यापूर्वी एक-दोन दिवस उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. बूच जुने झाल्याने ठिसूळ असते; ते हळू व सरळ ओढावे. मग मानेखाली मेणबत्ती लावून, बाटली न हलविता, एका संथ धारेने काचेच्या सुरईत ओतावे. प्रकाशात साक्याची काळी रेघ मानेकडे येताना दिसताच हात थांबवावा. तळची दोन बोटे वाइन सोडून द्यावी. तिचा लोभ धरल्यास सारी सुरई गढूळ होते. ओतल्यावर फार वेळ थांबू नये. कोवळ्या वाइनला हवा मोकळे करते. फार जुनीस तीच हवा तासाभरात निस्तेज करते. पिताना ती १६ ते १८ अंशांची असावी. पौषातील आमच्या ओसरीवर हे मान सहज जुळले.

रंग

पेल्याचा तिसरा हिस्साच भरावा व पांढऱ्या कापडावर तिरपा धरावा. मधल्या रंगापेक्षा कडेचा रंग पाहावा. कोवळ्या काबर्नेची कड जांभळी होती. १९९६ च्या पेल्यात मध्यभागी डाळिंबी व कडेस भाजल्या विटेसारखी तांबूस-पिवळी झाक होती. वय कडेवर वाचतात. रंग विटकरी पण निर्मळ असेल तर मुरली; तपकिरी व मळकट असेल तर उतरली.

वास

आम्ही पेला थेट ओठांस लावू लागलो तेव्हा पुतण्याने हात धरला. तो म्हणाला, “काका, आधी नाकाला विचारा. जिभेला गोड, आंबट, कडू असे मोजकेच कळते. बाकी सगळं नाक सांगतं.” प्रथम पेला न हलविता हुंगावा, मग गोल फिरवून पुन्हा हुंगावा.

वासांचे तीन थर मानतात. पहिला फळाचा: तेथील लोक काळ्या करंट नावाच्या फळाचे नाव घेतात, आपण पिकलेले जांभूळ व करवंद आठवावे. दुसरा आंबविण्याचा व पिंपाचा: भाजलेले लाकूड, लवंग, व्हॅनिला. तिसरा केवळ वयाचा, व जुन्या बोर्डोची खरी ओळख तीच: देवदाराची पेटी, वाळलेले तंबाखूचे पान, जुने कातडे, पहिल्या पावसानंतरचा पाचोळा, अळंबी. पॉयाकच्या पेल्यात आम्हांस प्रथम काहीच कळेना. दहा मिनिटांनी मात्र दफ्तरखान्याचे लाकडी कपाट उघडावे तसा वास आला व त्यामागून सुकलेल्या जांभळाचा. बंधूंनी तंबाखूचे पान ओळखले. दोघांची नावे वेगळी, परंतु वास एकच होता. अशी नावे पाठ करावयाची नसतात. आपल्या अनुभवातून शोधावयाची असतात.

मग आपली कोवळी काबर्ने हुंगली. तीत जांभूळ होते, पण त्यावर कापलेल्या ढोबळ्या मिरचीचा वास ठळकपणे बसला होता. पुतण्या म्हणाला, “हाच तो हिरवटपणा.” काबर्नेच्या मण्यात पिराझिन नावाचे द्रव्य जन्मतःच असते, मणी ऊन खाऊन पिकत जाईल तसे ते कमी होते. वेलीवर भार अधिक ठेवला, पानांची गर्दी करून घड सावलीत ठेवले, किंवा घाईने तोडणी केली, की ते उरते. २०१० साली बंधूंनी त्या वेलींवर एकरी आठ टन भार ठेवला होता. ओसरीवर कोणी काही बोलले नाही. चौदा-पंधरा वर्षे ज्यास आम्ही लुबाडणूक म्हणत आलो, त्यातील शब्द खरा होता. दर निम्म्यावर आणणे न्याय्य होते असे आम्ही आजही म्हणत नाही. परंतु शब्द खरा आहे हे कळले असते, तर बंधूंनी पुढल्या छाटणीस भार उतरविला असता आणि दराबद्दल पुराव्याने भांडताही आले असते.

चव

लहान घोट घ्यावा, तो सर्व तोंडभर फिरवावा व ओठांतून थोडी हवा आत ओढावी. धंदेवाईक परीक्षक नंतर तो थुंकतात. दिवसाकाठी कित्येक नमुने पाहावयाचे तर दुसरा मार्ग नाही, व त्यात असभ्य काही मानीत नाहीत. तपासावयाच्या गोष्टी चार: आंबटपणा, म्हणजे तोंडास पाणी सुटते का, तुरटपणा, म्हणजे तो खरखरीत आहे की मखमलीसारखा, मद्यार्काची ऊब, म्हणजे ती घशास जाळते का, आणि या तिहींत कोणी दुसऱ्यावर कुरघोडी करते का. शेवटी लांबी पाहावी. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर वास तोंडात किती सेकंद टिकतो ते मोजावे. फ्रेंच परीक्षक अशा एका सेकंदास कोदाली म्हणतात. कोवळ्या वाइनची चव आमच्या मोजणीत पाच-सहा कोदालींत विरली. पॉयाकची वीस मोजून झाले तरी रेंगाळत होती.

दोष

दोषांची ओळख गुणांइतकीच महत्त्वाची. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट गोणपाटाचा वास आला तर बुचाचा दोष. तो कितीही मोठ्या मळ्याच्या बाटलीत निघू शकतो. शिरक्याचा झणका आला तर आंबणी भलत्या वाटेस गेली. घोड्याच्या तबेल्याचा वास आला तर ब्रेट नावाच्या किण्वाची लागण. जुन्या बोर्डोत त्याची किंचित झाक काहींस आवडते, अधिक झाल्यास तो बिघाडच.

परीक्षकाचा प्रामाणिकपणा

नावाने व डोळ्यांनी जीभ फसते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्डो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन वासरहित तांबड्या रंगाने रंगवून ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. १९७६ साली पॅरिस येथे फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरील नावे झाकून परीक्षा केली, तेव्हा तांबड्यांत पहिला क्रमांक मूतोंस व ओ-ब्रियोंस न मिळता कॅलिफोर्नियातील एका काबर्नेस मिळाला. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच जुन्या झालेल्या वाइन पुन्हा चाखल्या तेव्हाही कॅलिफोर्नियाचीच एक वर राहिली. यास्तव बाटल्यांस फडके गुंडाळून चाखावे, व दुसऱ्याचे मत ऐकण्यापूर्वी आपले कागदावर लिहावे. पंचनाम्यात पंचांनी एकमेकांचे पाहून सही करू नये, तोच हा नियम. दलालाच्या यादीस मान द्यावा. परंतु निकाल पेल्यावरून द्यावा.

न पिणाऱ्यांसाठी प्रयोग

बोर्डोचे मळेवाले तोडणीची तारीख ठरविताना केवळ साखरेचे माप पाहत नाहीत; ओळीतून चालत मणी चाखतात. हे कोणासही करता येईल. बागेच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील वीस-तीस मणी घ्यावे. प्रथम गर चोखून गोडी व आंबटपणा पाहावा. मग साल दाढेखाली दहा-पंधरा वेळा चावावी: गवतासारखी लागते की फळासारखी, तुरटपणा खरखरतो की मऊ बसतो, हे नोंदवावे. शेवटी बी पाहावे. हिरवे, चिकट व कडू असेल तर थांबावे. तपकिरी असून दाताखाली कडकन फुटत असेल तर ते पिकले. साखर उन्हाने लवकर चढते, साल व बी मागाहून पिकतात. गोडीवरच भुलणाऱ्याचा माल हिरवट ठरतो तो यामुळे.

त्या राखलेल्या एक एकरात बंधूंनी यंदा घड विरळ केले, घडांभोवतीची पाने काढली व एकरी तीन टनांवर भार आणला. तोडणीपूर्वी आठ दिवस ते रोज सकाळी वही घेऊन ओळींतून फिरले व प्रत्येक कोपऱ्याचा शेरा लिहून ठेवला. खरेदीचा माणूस आला, मणी चाखले व काही बोलण्यापूर्वी त्यांनी वही पुढे केली. दोन शेऱ्यांवर मतभेद झाला. बांधावर उभे राहून दोघांनी तेथील मणी पुन्हा चाखले, एक शेरा त्याचा कायम झाला व एक बंधूंचा. दर मनाजोगा आला असे नाही, परंतु तो कसा आला हे या खेपेस दोन्ही पक्षांस ठाऊक होते. आमच्या बागाइतदार बंधूंनी इतके तरी साधावे, एवढीच आमची विनंती आहे.